दुपारी म्यूऑन कमी होत नाहीत

मार्चच्या शेवटी एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आलेख घेऊन आली. काहीतरी सापडल्याचं चेहऱ्यावरच दिसत होतं. वरच्या मजल्यावर ठेवलेल्या आमच्या दोन म्यूऑन काउंटरांची (म्यूऑन म्हणजे आकाशातून सतत कोसळणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) दहा दिवसांची मोजणी तिने ताशी मांडली होती आणि सगळे दिवस एकावर एक ठेवले होते. पहाटे पाचला आकडा सर्वांत जास्त, दुपारी चारला सर्वांत कमी, फरक जवळजवळ दहा टक्के. "मॅडम, दुपारी हवा तापून फुगते, म्हणून म्यूऑन वाटेतच कमी होत असतील का?"

विचार वाईट नव्हता. वातावरणाचा परिणाम असतोच, पण हवेच्या दाबामुळे दिवसभरात होणारा चढउतार एखाद्या टक्क्याच्या आतला. दहा टक्के म्हणजे आकाशात नाही, खोलीत काहीतरी घडतंय. मी तिला त्याच आलेखावर खोलीचं तापमान काढायला सांगितलं. पहाटे २६ अंश, दुपारी ३९. एक रेघ चढली की दुसरी उतरत होती. जळगावच्या उन्हाळ्याने आमच्या सेन्सरचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची ताकद, खाल्ला होता, एवढंच.

ते दुरुस्त करायला आम्हाला दीड महिना लागला. त्यातला महिनाभर चुकांत गेला. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पकडणारा छोटा सेन्सर) लावून कुणी काउंटर बांधत असेल तर त्याचा तो महिना वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

नेमकं बिघडतं काय

आमचा सेन्सर हामामात्सू कंपनीच्या एस-१३३६० मालिकेतला, मोहरीच्या दाण्याएवढा चौकोन. त्यात ५० मायक्रॉनचे ६६७ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेल म्हणजे ताणून ठेवलेला उंदराचा सापळा समजा. एक फोटॉन पडला की खटकन मिटतो, आणि मिटताना दरवेळी सारखाच विद्युतभार सोडतो: साधारण १७ लाख इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.२७ पिकोकुलोम. हा १७ लाखांचा आकडा म्हणजे गेन.

सापळा किती ताणलाय हे ठरतं ओव्हरव्होल्टेजवर. पिक्सेल ज्या व्होल्टेजला 'तुटतो' ते ब्रेकडाउन व्होल्टेज, आमच्या जातीत साधारण ५३ व्होल्ट. तुम्ही सेन्सरला लावलेलं व्होल्टेज म्हणजे बायस. ते ब्रेकडाउनच्या वर जितकं असेल तितकं ओव्हरव्होल्टेज. शिफारस ३ व्होल्टची आहे. गेन थेट या ३ व्होल्टच्या प्रमाणात असतो. ५६ व्होल्टच्या नव्हे. सगळी मेख इथे आहे.

तापमान वाढलं की सिलिकॉनमधले अणू जास्त थरथरतात. धावत सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हापुन्हा धडकतो, त्याचा वेग मोडतो, आणि पुढचा इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा जमवायला त्याला जास्त जोराचं विद्युतक्षेत्र लागतं. म्हणून ब्रेकडाउन व्होल्टेज चढतं, या मालिकेत दर अंशाला ५४ मिलिव्होल्ट. ५६ व्होल्टपुढे ५४ मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण ३ व्होल्टपुढे ते १.८ टक्के आहेत. आमच्या खोलीत १३ अंशांचा फरक होता. १३ गुणिले ५४ म्हणजे ७०२ मिलिव्होल्ट. पहाटेचं ३ व्होल्ट ओव्हरव्होल्टेज दुपारी २.३ उरलं, गेन २३ टक्के खाली. जुन्या नळीच्या फोटोमल्टिप्लायरचा गेन अंशाला साधारण ०.२ ते ०.४ टक्के हलतो, त्यामुळे ज्यांचं आयुष्य नळ्यांवर गेलं त्यांना हा प्रश्न आधी फारसा गंभीर वाटत नाही. मलाही वाटला नव्हता.

आता हे २३ टक्के मोजणीत १० टक्के कसे झाले? आमच्या १० बाय १० सेंटिमीटरच्या, १ सेंटिमीटर जाड सिंटिलेटरमधून (कण गेला की क्षणभर चमकणारा तुकडा) म्यूऑन गेला की सेन्सरला पंधराएक फोटॉन मिळतात. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वरची पल्सच मोजली जाते ती पातळी, साडेपाच फोटॉनांच्या उंचीवर होता, पण तो मिलिव्होल्टमध्ये ठरवलेला. गेन पडल्यावर तेवढेच मिलिव्होल्ट सात फोटॉनांच्या वर गेले. शिवाय ओव्हरव्होल्टेज कमी झाल्याने फोटॉन पकडण्याची क्षमताही घटली, पंधराचे तेराएक झाले. सरासरी तेरा असताना आठापेक्षा कमी येण्याची शक्यता पाचेक टक्के, आणि दोन काउंटर एकदम वाजायला हवेत म्हणून नुकसान दुप्पट. हे गणित फळ्यावर मांडून दहा टक्के आले तेव्हा मुलीचा चेहरा पडला. मला मात्र ते गणितच तिच्या मूळ शोधापेक्षा जास्त आवडलं.

कंगवा

गेन सांभाळायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे, आणि इथे हा सेन्सर फार उदार आहे. एक सापळा मिटला, दोन मिटले, तीन मिटले, हे वेगवेगळं दिसतं. पल्सखालचं क्षेत्रफळ हजारो वेळा मोजून हिस्टोग्राम काढला की कंगव्याच्या दातांसारखे समान अंतरावरचे उंचवटे येतात. दोन दातांमधलं अंतर म्हणजे गेन.

त्यासाठी साधा निळा एलईडी घ्या, त्याला काही नॅनोसेकंदांची पल्स द्या आणि तो इतका मंद करा की सरासरी एकदोन फोटॉनच पोचतील. एलईडीचा प्रकाशही तापमानाने बदलतो. बदलू द्या. प्रकाश कमीजास्त झाला तर कोणता दात उंच हे बदलेल, दातांमधलं अंतर बदलणार नाही. म्हणूनच गेनवर नजर ठेवायची तर 'एलईडीची सरासरी उंची' कधीही वापरू नका. त्यात एलईडीचं पाप सेन्सरच्या माथी येतं. एलईडी नसेल तर सेन्सरचे स्वतःचे डार्क पल्सही चालतात, काळोखातही उष्णतेमुळे सापळे आपोआप मिटत असतातच. फक्त त्यात पहिला दात भरघोस आणि पुढचे विरळ मिळतात.

आम्ही डिजिटल ऑसिलोस्कोपवर दर वेळी २०,००० पल्स साठवून १०० नॅनोसेकंदांच्या खिडकीतलं क्षेत्रफळ काढलं. पहिल्या दाताची जागा वापरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दातापर्यंतचं अंतर वापरा. शून्याची रेघ सरकली तरी अंतर सरकत नाही.

एका ठरावीक तापमानाला बायस पाच ठिकाणी ठेवा, अर्ध्या व्होल्टच्या पायऱ्यांनी. प्रत्येक ठिकाणी दातांमधलं अंतर काढा, आलेखावर मांडा. बिंदू सरळ रेषेत बसतील. ती रेषा खाली ताणत न्या. जिथे गेन शून्य होतो ते त्या तापमानाचं ब्रेकडाउन व्होल्टेज. बिंदू रेषेत बसत नसतील तर पुढे जाऊ नका. आमचे नव्हते बसत, कारण ॲम्प्लिफायर वरच्या टोकाला कापत होता.

हेच चार-पाच तापमानांना करा. ब्रेकडाउन विरुद्ध तापमान या रेषेचा उतार हा तुमचा हवा असलेला आकडा.

थर्माकोलची पेटी

तापमान नियंत्रित करणारी कपाटं आमच्याकडे नाहीत. औषधाच्या दुकानातून इन्सुलिन येतं ती जाड थर्माकोलची पेटी काकांनी फुकट आणून दिली (काका म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक, त्यांच्याशिवाय या लेखात काहीच घडलं नसतं). थंड करायला फ्रीजमधल्या जेलच्या पिशव्या. गरम करायला आधी आम्ही चाळीस वॉटचा बल्ब लावला, अंडी उबवतात तसा. फोटॉन मोजणाऱ्या यंत्राशेजारी बल्ब! काळ्या टेपचे तीन थर होते, तरी सेन्सरचा करंट पन्नासपट झाला. मग सिमेंटचे दहा ओहमचे रेझिस्टर ओळीने जोडले आणि जुन्या पॉवर सप्लायवर चालवले. ऊब तीच, उजेड नाही.

थंडीकडे जाताना पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर सेन्सरवर दव धरतं. आणि प्रत्येक पायरीला किमान चाळीस मिनिटं थांबा. हे चाळीस मिनिटांचं थांबणं कुणालाच आवडत नाही, आणि सगळे घोटाळे तिथेच होतात.

थर्मामीटर कुठे चिकटवलाय?

आम्ही डीएस१८बी२० घेतला. स्वस्त, डिजिटल, तीन तारा, आणि ०.०६२५ अंशाची पायरी. ५४ ने गुणलं तर ३.४ मिलिव्होल्ट, म्हणजे गेनमध्ये हजारात एक. पुरे. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे म्हणून कुणी नाक मुरडतं, पण अर्धा अंश सतत जास्त दाखवला तरी आपलं काही बिघडत नाही. आपल्याला बदल हवाय, आणि कॅलिब्रेशनही याच थर्मामीटरने करायचंय.

तो पहिल्यांदा आम्ही काउंटरच्या ॲल्युमिनियमच्या डबीला बाहेरून टेपने चिकटवला, कारण आत छिद्र पाडायचा कंटाळा. उतार काढला तर अंशाला ४६ मिलिव्होल्ट. मुलगी म्हणाली, आपला नमुना वेगळा असेल. मी पण क्षणभर मान डोलावली. पण कागदावर ५४ आणि हातात ४६ हा पंधरा टक्क्यांचा फरक नमुन्यानमुन्यातला नसतो. मग डबीच्या आत दुसरा थर्मामीटर टाकून पाहिलं: बाहेरचा १३ अंश हलला की आतला ११ हलत होता. ५४ गुणिले ११ भागिले १३ करून पाहा.

त्याहून बोलका पुरावा एसी लावल्यावर मिळाला. एसी पंधरावीस मिनिटांनी चालू-बंद होतो. गेन विरुद्ध बाहेरच्या थर्मामीटरचं तापमान असा आलेख काढला तर रेघ नाही, लांबट वेटोळं आलं: तापताना एक वाट, निवताना दुसरी. सेन्सर थर्मामीटरच्या मागे रेंगाळतो याचा याहून स्पष्ट फोटो मिळणार नाही. तुमच्या आलेखात वेटोळं दिसलं तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, थर्मामीटर हलवा.

सेन्सर ज्या छोट्या सर्किट बोर्डावर आहे त्याच्या मागच्या बाजूला, सेन्सरच्या बरोबर पाठीशी, थर्मल पेस्टचा थेंब लावून बसवा. ॲम्प्लिफायर आणि व्होल्टेज रेग्युलेटरपासून लांब. ते स्वतः तापतात आणि थर्मामीटरला खोटं सांगतात. आम्ही हलवला, उतार ५३.५ आला, वेटोळं मिटून रेघ झाली. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

बायस हलवायचं कसं

सूत्र एकच: तापमान जितके अंश वाढेल तितके ५४ मिलिव्होल्ट बायस वाढवा. ओव्हरव्होल्टेज जागेवर, गेन जागेवर. ५४ च्या जागी तुमचा मोजलेला आकडा.

कॉम्प्युटर नको असेल तर एलएम३५ (तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारा सेन्सर) घ्या. तो अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, ऑप-ॲम्पने ५.४ पट करून बायसच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये मिळवा. वर्षानुवर्षं चालेल. पण उतार रेझिस्टरच्या जोडीत गोठतो, आणि नवा सेन्सर लावला की डाग देत बसावं लागतं. लांब केबलवर एलएम३५ कुरकुरतो तेही लक्षात ठेवा.

आम्ही मायक्रोकंट्रोलरचा रस्ता धरला. इथे अडचण बारकाव्याची: बारा बिटांच्या डॅकने (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) शून्य ते ६० व्होल्ट हलवायचं म्हटलं तर एक पायरी १५ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा टक्का गेन. त्यापेक्षा वरचं बायस ५८ व्होल्टवर स्थिर ठेवा आणि सेन्सरचं खालचं टोक जमिनीला न जोडता शून्य ते ५ व्होल्टच्या छोट्या डॅकवर बसवा. बारा बिटांत पायरी सव्वा मिलिव्होल्टची. मोठ्या प्रयोगांतल्या चिपही असंच करतात. कॅलरीमीटरसाठी (कणांची ऊर्जा मोजणारं यंत्र) बनलेल्या स्पायरॉक चिपमध्ये प्रत्येक चॅनेलला ० ते ५ व्होल्टचा आठ बिटांचा डॅक याच कामासाठी आहे.

पण या रस्त्यावर एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात सरळ गेलो. खालचं टोक वर उचललं की सेन्सरवरचं व्होल्टेज कमी होतं. म्हणजे तापमान वाढलं की डॅक उतरवायचा. आम्ही चढवला. संध्याकाळी आलेख पाहिला तर गेन आधीपेक्षा वाईट. उतार काढला: अंशाला १०७ मिलिव्होल्ट इतकी घसरण. १०७ म्हणजे ५३.५ दुणे. असा नेमका दुप्पट आकडा आला की चिन्ह उलटं आहे, दुसरं काही शोधत बसू नका. आमच्या नशिबाने उन्हाळा होता. दुपारी गेन फक्त पडला. हिवाळ्याच्या पहाटे हीच चूक ओव्हरव्होल्टेज वाढवत नेते. म्हणून प्रोग्राममध्ये बायसला वरची आणि खालची मर्यादा घाला, आणि थर्मामीटरची तार सुटली तर शेवटचं बायस तसंच ठेवायला सांगा. तार सुटल्यावर आमचा थर्मामीटर उणे १२७ दाखवतो. मर्यादा नसत्या तर काय झालं असतं याचा हिशोब तुम्हीच करा.

दर दहा सेकंदांनी शेवटच्या सहा वाचनांची सरासरी घेऊन बायस बदला. त्याहून वेगाने कशाला? तापमान एवढं घाईत नसतं, आणि थर्मामीटरची कुरकुर बायसमध्ये उतरवण्यात अर्थ नाही.

एक छुपा चोर राहिला. बायसच्या वाटेत गाळणीसाठी मोठा रेझिस्टर असतो, आमच्याकडे १०० किलोओहम. काळोखात सेन्सरचा करंट काही डझन नॅनोॲम्पिअर, रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज दोनतीन मिलिव्होल्ट. पण टेप सैल होऊन उजेड शिरला आणि करंट एक मायक्रोॲम्पिअर झाला तर १०० मिलिव्होल्ट तिथेच गळतात, जणू सेन्सर दोन अंशांनी तापला. दुपारी गेन पडतोय आणि थर्मामीटर निर्दोष आहे असं वाटलं तर पश्चिमेच्या खिडकीकडे पाहा.

काय सुधारत नाही

गेन स्थिर झाला म्हणजे सगळं स्थिर झालं असं नाही. डार्क काउंट, म्हणजे काळोखात आपोआप मिटणाऱ्या सापळ्यांची मोजणी, दर आठ-दहा अंशांना साधारण दुप्पट होतात आणि बायस हलवून ते आवरत नाहीत. आमच्या सेन्सरचा २५ अंशांना सेकंदाला सुमारे ९०,००० हा आकडा मेमधल्या दुपारी साडेतीन लाखांवर जातो. थ्रेशोल्ड अर्ध्या फोटॉनवर ठेवला तर ९०,००० च्या दोन काउंटरांतून १०० नॅनोसेकंदांच्या खिडकीत सेकंदाला सोळाशे खोट्या जोड्या पडतील, आणि खरे म्यूऑन सेकंदाला एखादाही धड नाही. म्हणून साडेपाच फोटॉनांचा थ्रेशोल्ड. ते काम गेनच्या दुरुस्तीचं नाही, थ्रेशोल्डचं आहे.

मोठ्या प्रयोगांत दोन्ही रस्ते दिसतात: बायस हलवणं आणि सेन्सर थंड ठेवणं. ला पाल्मा बेटावरच्या फॅक्ट दुर्बिणीने २०११ मध्ये १४४० पिक्सेलांचा (इथे एक पिक्सेल म्हणजे एक अख्खा सेन्सर) असा कॅमेरा उघड्या आकाशाखाली चालवायला घेतला, आणि तिथे बायस तापमानाबरोबर हलवलं. कॅलिस या संशोधक गटाने २०१८ मध्ये सर्नमध्ये (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) तपासलेल्या कॅलरीमीटरमध्ये जवळजवळ २२,००० सेन्सर होते. तिथेही बायसच हलवलं. याउलट सर्नमधल्याच सीएमएस प्रयोगाच्या नव्या हाय ग्रॅन्युलॅरिटी कॅलरीमीटरमध्ये किरणोत्सर्गाने डार्क काउंट इतके वाढणार आहेत की सेन्सर उणे तीस-पस्तीस अंशांना ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरमध्ये, ज्याच्या सिंटिलेटरच्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, जुन्या हायब्रिड फोटोडायोडांच्या जागी हेच सिलिकॉनचे सेन्सर आले. मुलांना हे सांगितलं की डबीला छिद्र पाडायचा कंटाळा जरा कमी होतो.

शेवटची तपासणी

बायसची दुरुस्ती चालू ठेवून पेटी पुन्हा एकदा २० ते ४० अंश फिरवा आणि दर पाच अंशांना कंगवा काढा. दातांमधलं अंतर एक टक्क्यात राहिलं तर झालं. आमचं ०.७ टक्क्यात राहिलं, त्यातलं बरंचसं ॲम्प्लिफायरचं असावं. मग काउंटर पुन्हा वरच्या खोलीत नेला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पंखा बंद करून. दहा दिवसांनी ताशी मोजणी एकावर एक ठेवली. पहाट आणि दुपार यांत आकडेवारीच्या चुकीपलीकडे फरक दिसेना. सपाट रेघ. मुलगी म्हणाली, "म्हणजे काहीच सापडलं नाही." मी म्हटलं, आता हवेच्या दाबाचे आकडे आण, आता शोधायला सुरुवात कर.

आणि हो, सगळे आकडे वहीत लिहाच, पण वही हरवते. आमच्या डबीच्या झाकणावर पांढऱ्या मार्करने तीन ओळी आहेत: २५ अंशांचं ब्रेकडाउन, ५३.५, आणि कॅलिब्रेशनची तारीख. त्याखाली त्या मुलीच्या अक्षरात चौथी: "तापलं की डॅक खाली!!"